गुलमर्ग, औली की सोलंग: पहिल्यांदा स्कीइंग शिकायला कुठं जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीचं कुटुंब, नवरा-बायको, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा. कुणीच अजून बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही. आठवडाभराची सुट्टी काढून स्कीइंग शिकायचं आहे, तर काश्मीरचं गुलमर्ग, उत्तराखंडची औली आणि मनालीजवळचं सोलंग यांत उतार, गर्दी आणि वातावरण बघून कुठं जावं?

मी साताऱ्याची. तिन्ही ठिकाणी जाऊन आले आहे. औलीला २०१९ मध्ये, गुलमर्गला २०२२ आणि २०२४ मध्ये, आणि सोलंगला भाचरांना घेऊन एका नाताळच्या सुट्टीत. माझं उत्तर आधीच सांगते: फेब्रुवारीत गुलमर्गला जा, आणि पहिले तीन-चार दिवस तिथला सगळ्यात खालचा उतार सोडू नका. आता असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण 'गुलमर्ग' ऐकलं की लोक गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, धरून थेट शिखराकडं निघतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

बर्फ बघायला जाणं आणि स्कीइंग शिकायला जाणं या दोन वेगळ्या सहली आहेत. बर्फ बघणाऱ्याला उंची हवी, देखावा हवा, फोटो हवा. शिकणाऱ्याला हवा एक कंटाळवाणा वाटेल असा उतार: रुंद, हलका, आणि खाली जाऊन आपोआप सपाट होणारा. हा सपाट शेवट फार महत्त्वाचा. थांबायला जमलं नाही तरी जमीनच तुम्हाला थांबवते. असा उतार असेल तर भीती पहिल्या दिवशीच निम्मी होते, आणि नसेल तर मुलं दुसऱ्या दिवशी बूट घालायलाच तयार होत नाहीत. माझ्या भाच्याचं सोलंगला नेमकं हेच झालं.

गुलमर्ग म्हणजे डोंगराच्या कुशीतलं मोठं कुरण, साधारण २,६५० मीटरवर. आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंची. उन्हाळ्यात जिथं गोल्फ खेळतात ते मैदान हिवाळ्यात पांढरं होतं आणि त्याच्या कडेचे छोटे उतार म्हणजे तिथले 'बेबी स्लोप'. नावावर जाऊ नका, मोठी माणसंही तिथंच शिकतात. वर ओढून नेणाऱ्या दोरीच्या छोट्या लिफ्ट तिथं आहेत, म्हणजे दरवेळी स्की खांद्यावर टाकून चढावं लागत नाही. त्यानंतर गोंडोलाचा पहिला टप्पा, कोंगडूरी, ३,००० मीटरच्या थोडं वर. तिथं यंत्रानं दाबून सारखे केलेले उतार आहेत; हात बसला की चौथ्या-पाचव्या दिवशी तिथं जायचं. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जातो, जवळपास ३,९५० मीटर. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी हे स्टेशन वरच उरेल. हवा निरभ्र असेल तर तिथून नंगा पर्वत दिसतो. पण तिथं दाबलेला उतार नाही, खुणा नाहीत, मोकळा डोंगर आहे. जगभरातले तरबेज स्कीअर गुलमर्गला येतात ते याच मोकळ्या डोंगरासाठी. तुम्ही चौघांनी तिथं फक्त बघायला जायचं आणि गोंडोलानंच खाली यायचं.

हे मी काळजीपोटी लिहिते आहे. त्या डोंगरावर हिमस्खलन होतं. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर बर्फ कोसळला आणि १७ जवान गेले. ती माणसं बर्फातच प्रशिक्षण घेत होती. २०२४ च्या फेब्रुवारीतही एक रशियन स्कीअर असाच गेला. गस्त घालणारी पथकं मुख्य भागाकडं लक्ष देतात, धोका असेल तर दुसरा टप्पा बंद ठेवतात. बंद असेल त्या दिवशी चिडू नका. कुणी 'पलीकडनं नेतो, मस्त बर्फ आहे' म्हणालं तर सरळ नाही म्हणा, मग तो कितीही गोड बोलो.

बर्फाच्या जातीबद्दलही सांगायला हवं. २०२२ मध्ये कोंगडूरीला मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला आणि दाबला. गोळा होईना. ज्वारीच्या कोरड्या पिठासारखा बोटांच्या फटींतून सांडला. त्यात पडलं तर लागत नाही आणि स्की आवाज न करता सरकते. सोलंगला दुपारी बारानंतर ऊन चढलं आणि तोच बर्फ भिजलेल्या साखरेसारखा झाला. स्की जागच्या जागी रुतायची, गुडघा वळायचा. नवख्याचे गुडघे दुखावतात ते बऱ्याचदा अशा जड बर्फात. म्हणून कुठंही गेलात तरी सराव सकाळचा.

औलीवर माझा जीव आहे, तरी यंदा तुम्हाला तिकडं जा म्हणत नाही. शिकायचा उतार म्हणून औली मला गुलमर्गपेक्षाही सरस वाटली. साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात देवदार-ओकांच्या मधून उतरणारी एकच लांब धार, मन गोंधळत नाही. आमची तुकडी अठरा जणांची होती. सकाळी चहा, बूट, रांग, आणि दिवसभर तोच उतार. संध्याकाळी समोर नंदादेवी आधी केशरी, मग गुलाबी, मग राखाडी व्हायची आणि अठराही जण गप्प उभे असायचे. बाजार नाही, गाणी नाहीत. असं वातावरण मला दुसरीकडं कुठं मिळालं नाही.

पण औलीची अडचण बर्फाची आहे. कधी भरभरून पडतो, कधी जानेवारी संपला तरी गवत दिसतं. कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रं तिथं आहेत, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बसवलेली, पण त्यांनाही पाणी गोठेल इतकी थंडी लागतेच. दुसरं म्हणजे औलीच्या पायथ्याचं जोशीमठ. २०२३ च्या जानेवारीत तिथली जमीन खचली, घरांना भेगा पडल्या आणि जोशीमठ-औली रोपवे बंद करावा लागला. आम्ही त्याच रोपवेनं वर गेलो होतो, सुमारे चार किलोमीटर, पायाखाली झाडांचे शेंडे. आता रस्त्यानं जायचं धरून चाला. हरिद्वार-ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस घाटातला प्रवास. सांगलीहून जाऊन-येऊन तुमच्या आठवड्यातले चार दिवस रस्त्यातच जातील. मुलं मोठी झाल्यावर, दहा-बारा दिवस हाताशी ठेवून जा.

सोलंग मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर. नाताळात ते अंतर कापायला आम्हाला तीन तास लागले. रस्त्याच्या कडेनं कोट-बूट भाड्यानं देणारी दुकानं, प्रत्येकाचा मोठा नंबर, प्रत्येक गाडीला हात. खाली मैदानात फुग्यातून लोळणं, चारचाकी मोटारसायकली, घोडे, याक, मॅगी आणि कणसं. तासगावच्या रथाला जशी माणसांची भिंत असते तशी. त्या गर्दीत तीनशे-पाचशे रुपयांत 'स्कीइंग' म्हणून दहा मिनिटं धरून घसरवतात. भाच्याला कुणीतरी तसंच ढकललं, तो घाबरून पडला आणि पुढचे दोन दिवस त्यानं नाव काढलं नाही. सोलंगचा उतार वाईट नाही हो. मनालीला १९६१ पासून सरकारी गिर्यारोहण संस्था आहे, तिचे स्की अभ्यासक्रम चांगले म्हणून ओळखले जातात. जवळच्या बुरुवा गावच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात भारतासाठी स्कीइंगचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक, कांस्य, मिळवलं. पण ते जग आणि सुट्टीतल्या पर्यटकाचं सोलंग यांची गाठ पडत नाही. फक्त बर्फात खेळायचं असतं तर मीच तुम्हाला मनाली सांगितली असती.

गर्दी गुलमर्गलाही आहे, पण ती कुठं साचते ते बघा. गोंडोलाच्या दारात, आणि पहिल्या टप्प्यावर फोटो काढायला. तिथून स्की घालून शंभर-दोनशे मीटर बाजूला गेलात की तुम्ही आणि देवदार. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते आणि जरा आडवाटेला वळलं की पाखरांचे आवाज येतात, तसंच. गोंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढा, तिथं जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० पासून तिथं होतात. त्या आठवड्यात हॉटेलं भरलेली आणि काही उतार राखीव असतात, तेव्हा तारखा बघूनच सुट्टी टाका. स्लेजवाले आणि घोडेवाले गुलमर्गच्या पायथ्याच्या टांगमर्गपासूनच मागं लागतात. त्यांची कमाई या दोन-तीन महिन्यांची असते, तेव्हा हिडीसफिडीस करू नका. नको असेल तर हसून नको म्हणा, हवं असेल तर पैसे आधी ठरवा.

संध्याकाळी पाचनंतर दिवसाचे पर्यटक श्रीनगरला परततात आणि गुलमर्ग निवांत होतं. मुक्काम वरच करा असं सांगते ते याचसाठी. बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली, ओले मोजे तिच्याभोवती टांगलेले, कोपऱ्यात कुणीतरी उद्याच्या हिमस्खलनाचा अंदाज वाचतंय. आमचे शिक्षक टांगमर्गकडचे होते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा गेलेला आरिफ खान त्याच भागातला. त्या फेब्रुवारीत आम्ही तिथंच होतो आणि चहाच्या टपरीवर सगळे मोबाइलभोवती जमले होते. शिक्षकांनी त्या दिवशी आमचा वर्ग अर्धा तास उशिरा सुरू केला. मलाही त्यांच्याइतकाच आनंद झाला होता.

फेब्रुवारी का, तर २०२४ च्या जानेवारीच्या मध्यावर मी तिथं गेले आणि समोर तपकिरी गवत. चिल्ला-ए-कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, जवळजवळ कोरडे गेले. बर्फ आला तो जानेवारी सरता सरता, मी साताऱ्यात परतल्यावर. पश्चिमेकडून येणारी वादळं उशिरा आली तर असं होतं. फेब्रुवारीत साचलेलाही असतो आणि नवाही पडतो. तरी परत करता येणारी तिकिटं काढा आणि निघायच्या आठ दिवस आधी हवामान बघा.

शिकण्यातली एक गोष्ट आत्ताच घरात सांगून ठेवा. पहिला धडा थांबायचा असतो. स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, नांगराच्या फाळासारखा आकार. शिक्षक मुलांना 'पिझ्झा करो' म्हणतात. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकलेली हवी. घाबरलं की माणूस मागं रेलतो, आणि मागं रेललं की स्की पुढं सुटते. हे एकदा अंगात भिनलं की बाकीचं सोपं. पण त्यासाठी बूट घट्ट हवा. २०२२ मध्ये एका दुकानदारानं मला दोन नंबर मोठा बूट दिला, 'दोन मोजे घाला, बसेल' म्हणाला. संध्याकाळपर्यंत नडगी काळीनिळी झाली आणि दोन दिवस मी खोलीत बसून काढले. म्हणून एकच जाड मोजा, बोटं हलली पाहिजेत पण टाच उचलली जाता कामा नये. मुलांचे बूट घेताना त्यांना दुकानातच गुडघे वाकवून उभं करा आणि टाच उचलते का ते हात लावून बघा.

गुलमर्गच्या सरकारी स्की संस्थेच्या वर्गाला वयाची अट असते, ९ वर्षांच्या मुलासाठी ती आधी विचारा. नाहीतर खाजगी शिक्षक घ्या, पण चौघांत एक नको, मुलांना वेगळा द्या. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, एक तरी पोस्टपेड हवं. २०२५ च्या एप्रिलमधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर घरची वडीलधारी माणसं काळजी करणारच. प्रशासनाच्या सूचना बघून, त्यांना नीट समजावून मगच पैसे भरा. बर्फ जास्त असेल तर टांगमर्गपासून वर चाकांना साखळी लावलेली गाडी घ्यावी लागते, तिचा खर्च धरा.

आणि मांड्या. सांगलीत चढ-उतार नाही, हीच तुमची खरी अडचण. आत्तापासून रविवारी दंडोबाच्या डोंगरावर जा, चौघंही. चढताना हळू, उतरताना गुडघे किंचित वाकवून, न धावता. मी यवतेश्वरच्या घाटात तीन महिने हेच केलं होतं आणि पहिल्या दिवशी तुकडीतल्या पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा मी तासभर जास्त टिकले. महिनाभर करून बघा, मग इथंच कळवा; मुलांचे बुटांचे नंबर आणि तुमच्या तारखा सांगितल्यात तर आमचे शिक्षक त्या आठवड्यात मोकळे आहेत का ते मी विचारून देते.