खेळ पोरांनी आणले, कवायत कॉलेजने

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कॉलेजांतले विद्यार्थी खेळायचे का, की नुसती पुस्तकं आणि प्रार्थना? आणि मुली?

मी शाळेत पी.टी. शिकवतो, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

खेळायचे, पण बऱ्याचदा प्राध्यापकांच्या नाकावर टिच्चून. दिवस सुरू व्हायचा तो घंटा आणि चॅपलमधल्या प्रार्थनेने. मग लॅटिन-ग्रीकचे धडे घोकायचे आणि वर्गात म्हणून दाखवायचे. हार्वर्डमध्ये वर्षारंभी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांचा ‘फुटबॉल’ व्हायचा. फुटबॉल नावाला, खरी मारामारीच. १८६० मध्ये त्यावर बंदी आली, तर पोरांनी चेंडू शवपेटीत घालून, ढोल बडवत अंत्ययात्रा काढली, वर भाषण ठोकलं आणि त्याला रीतसर पुरलं!

दोन कॉलेजांमधली पहिली स्पर्धा म्हणजे १८५२ ची हार्वर्ड-येल नौकाशर्यत, विनिपसॉकी तलावावरची. खर्च रेल्वे कंपनीने उचलला, कारण तिला तिकडे प्रवासी हवे होते. म्हणजे स्पॉन्सर पहिल्या दिवसापासूनच हजर. हार्वर्ड जिंकलं.

माझा आवडता सामना मात्र १ जुलै १८५९ चा. पिट्सफील्ड गावी अ‍ॅमहर्स्ट विरुद्ध विल्यम्स, कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना. एका बाजूला १३ गडी. नियम मॅसॅच्युसेट्सचे: एक गडी बाद झाला की अख्खा डाव आटोपला, आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. थोडक्यात आपली आबाधोबी, फक्त बॅटसकट. अ‍ॅमहर्स्टने ७३–३२ ने धुतलं. त्यांचा चेंडू टाकणारा विद्यार्थी नाहीच, भाड्याने आणलेला लोहार आहे, अशी कुजबुज तिथे झाली म्हणे. तालुक्याच्या कबड्डीत ‘सर, तो त्यांच्या शाळेचा नाहीये’ हे मी दरवर्षी ऐकतो, त्यामुळे वाचताना हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी याच दोघांचा बुद्धिबळाचा सामना झाला. तोही अ‍ॅमहर्स्टने मारला.

आता कॉलेजची बाजू. अ‍ॅमहर्स्टचे अध्यक्ष स्टर्न्स यांना काळजी होती ती बसून बसून खालावणाऱ्या तब्येतींची. १८६० मध्ये त्यांनी व्यायामशाळा बांधून घेतली, आणि १८६१ मध्ये डॉ. एडवर्ड हिचकॉक हे आरोग्य व शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक झाले. आठवड्यातून चार दिवस, अर्धा अर्धा तास, सक्तीची कवायत. हातात लाकडी डंबेल्स, साथीला पियानो. आमच्याकडे पियानोच्या जागी ढोल असतो, पण ओळीतला एक जण अर्धा ठोका मागे राहिला की डंबेल्सची ती उशिरा आलेली ‘खट्ट’ तिथेही उठत असणार. हिचकॉक पोरांची उंची, वजन, छाती मोजून नोंदवत राहिले, ते १९११ मध्ये वारले तोवर त्याच पदावर होते. आमच्या खात्याचा मूळपुरुषच म्हणा.

फुटबॉल मात्र काही मेला नाही. १८६९ मध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला ६–४ ने हरवलं, एका बाजूला २५ जण! १८७३ मध्ये कॉर्नेलच्या पोरांनी मिशिगनशी खेळायला क्लीव्हलंडला जायची परवानगी मागितली. अध्यक्ष व्हाइट यांनी ती नाकारली. हवेची पिशवी हलवायला तीस जणांना चारशे मैल जाऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे याच हवेच्या पिशवीपायी कॉलेजांनी स्टेडियम बांधली, ती गोष्ट वेगळी.

आणि हो, मुली. व्हॅसार या मुलींच्या कॉलेजात १८६६ मध्येच बेसबॉल संघ होते. स्मिथ या मुलींच्याच दुसऱ्या कॉलेजात तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तेव्हा नवाकोरा असलेला बास्केटबॉल आणला आणि १८९३ मध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले होते, आपला भाग सोडायचा नाही आणि दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही.