सहा वर्षं उभी असलेली जुनी स्पोर्ट्स बाइक रोजच्या वापराला घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९९ सालची ६०० सीसीची स्पोर्ट्स बाइक मिळते आहे, रीडिंग फक्त १४,००० किलोमीटर, पण गेली सहा वर्षं कव्हर घालून उभी. रोजच्या जाऊन-येऊन ३० किलोमीटरसाठी घ्यावी का, आणि इतकी कमी चाललेली म्हणजे नव्यासारखीच ना?

रोज चालवायला जरूर घ्या. पण ‘नव्यासारखी’ हे डोक्यातून काढून टाका. माझ्याकडे १९९८ सालची, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली गाडी अकरा वर्षं आहे. घेतली तेव्हा २१,००० झाले होते आणि ती चार वर्षं उभी होती. आज काटा ७४,००० च्या पुढे आहे. या अकरा वर्षांत तिने जो त्रास दिला त्यातला बराचसा पहिल्या आठ महिन्यांत दिला, आणि तो जवळजवळ सगळा त्या चार वर्षांचा होता. पुढे रोज रस्त्यावर यायला लागली तशी ती सुधारत गेली. ही गाडी चालून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते, म्हणून तुमच्या सौद्यात १४,००० या आकड्यापेक्षा सहा वर्षांचा आकडा मोठा आहे.

उभी राहिल्याने नेमकं काय होतं ते आधी कार्ब्युरेटरपासून (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, थोडक्यात ‘कार्ब’) सांगतो, कारण पहिला झटका तिथेच बसतो. चार सिलिंडरना चार कार्ब, आणि प्रत्येकात कमी रेसला पेट्रोल सोडणारा एक पायलट जेट. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट पिवळा थर राहतो आणि हे भोक बुजतं. मग गाडी चोकवर सुरू होते, वरच्या रेसला पळतेही, पण सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या वेगात मिसिंग करते. विकणारा ‘थोडं ट्यूनिंग केलं की झालं’ म्हणतो. माझी घरी आणल्यावर मी एक साधी तपासणी केली. थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने सायलेन्सरच्या चारही पाइपांवर, इंजिनमधून बाहेर पडतात त्या जागी, बोटाने पाण्याचा एकेक थेंब सोडला. तीन थेंब चर्र करून उडाले. तिसऱ्या पाइपावरचा थेंब तसाच ओघळत खाली आला. म्हणजे मी तीन सिलिंडरवर गाडी घरी आणली होती. चारही कार्ब उघडून, जेट काढून, एकेका भोकातून आरपार उजेड दिसेपर्यंत साफ केले, वाट्यांची आणि सुईची रबरं बदलली, आणि शेवटी चारही कार्ब व्हॅक्यूम गेज लावून एकमेकांशी जुळवून घेतले. त्या दिवसापासून ती २,००० आरपीएमलाही (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) न अडखळता ओढते.

दुसरी गोष्ट रबर. या वयाच्या गाडीत जिथे जिथे रबर आहे ते सगळं संशयित धरा: कार्ब आणि इंजिन यांच्यामधले बूट, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकचे होज, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील आणि सगळ्यात आधी टायर. टायरची नक्षी शाबूत असेल, तरी तिच्याकडे बघून फसू नका. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आणि तिथे तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. असला टायर कोरड्या रस्त्यावर ठीक वाटतो, पण ओल्या वळणावर लाकडासारखा सरकतो. सहा वर्षं उभ्या गाडीचे टायर मी न बघताच बदलायच्या खर्चात धरेन.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान हद्द १५५ अंशांवर येते. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, मग सहा वर्षं पडलेल्या ऑइलचं काय झालं असेल ते समजून घ्या. लिव्हर दाबून सोडल्यावर पुढचं चाक हाताने मोकळं फिरतं का ते बघा. अडखळत असेल तर कॅलिपरचे, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन अडकलेत, ते उघडून साफ करून नवीन सीलसकट बसवून घ्या. नळ्या बदलायच्याच आहेत तर स्टीलच्या जाळीच्या घ्या, लिव्हरला लगेच टणकपणा येतो.

आणि वायरिंग. यावर जरा थांबतो, कारण रोजच्या वापरात मला रस्त्यात उभं केलं ते एकट्या यानेच. या काळातल्या बहुतेक स्पोर्ट्स बाइकमध्ये अल्टरनेटर पूर्णवेळ जोरात वीज बनवतो आणि जास्तीची वीज रेग्युलेटर उष्णतेच्या रूपात जिरवतो. म्हणजे रेग्युलेटर सतत तापलेला, आणि तो बसवलेला असतो सीटखाली किंवा मागच्या पॅनेलमागे, जिथे वारा लागत नाही. एका संध्याकाळी माझा हेडलाइट पिवळट पडला, इंडिकेटर मंद झाला आणि पुढच्या चौकात गाडी बंद. बटण दाबलं तर नुसती कटकट. सीट काढली तर अल्टरनेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा प्लास्टिकचा कनेक्टर तपकिरी होऊन वितळला होता, आणि त्यातली एक पिन हात लावताच भुकटी झाली. दोष आत शिरलेल्या गंजाचा. गंजामुळे जोड ढिला झाला, ढिल्या जोडात उष्णता वाढली, आणि रेग्युलेटरही त्याच्याबरोबर गेला.

तेव्हापासून सीटखाली एक छोटा मल्टिमीटर असतो. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सुरू करून ५,००० आरपीएमला धरली की १४ ते १४.५ यायला हवेत. १३.५ च्या खाली राहत असेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर सोडून देतोय आणि बॅटरी शिजते आहे. गाडी बघायला जाल तेव्हा हा मीटर खिशात ठेवा आणि विकणाऱ्यासमोरच लावा.

आता चालवण्याचं. लोक तुम्हाला वेगाची भीती घालतील. माझा अनुभव असा की रोजच्या रस्त्यावर या गाडीची खरी परीक्षा संथ चालवण्यात आहे. १९९९ च्या यामाहा आर६ चं उदाहरण घ्या: ५९९ सीसी, कंपनीच्या आकड्यानुसार ताकद १२० पीएस, पण ते १३,००० आरपीएमला. तुम्ही रहदारीत असाल ३ ते ५ हजारांवर. अशा गाडीचा पहिला गिअरच शंभराच्या आसपास जाईल इतका लांब असतो, म्हणून गर्दीत अर्धवट क्लचवर चालवावं लागतं, आणि मनगट, क्लच आणि इंजिन तिन्ही तापतात. मी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दात्याने लहान केलं, १६ ऐवजी १५. त्याच वेगाला रेस ६-७ टक्के वाढते, पण दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चालता येतं. एक सांभाळा: तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या स्प्रॉकेटकडून वेग मोजत असेल तर तो आता जास्त दाखवेल, पुढच्या चाकावरून मोजत असेल तर फरक पडणार नाही.

गर्दीत तापमानाचा काटा चढला की नवीन माणूस घाबरतो. इंजिन पाण्याने थंड होणारं आहे, चालताना रेडिएटरला वारा मिळतो, थांबलं की मिळत नाही. शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की पंखा सुरू होऊन काटा खाली यायला हवा. तो आवाज ऐकू येईपर्यंत गाडी उभ्या उभ्या तापवून बघाच, कारण सहा वर्षं न फिरलेला पंखा जाम झालेला असू शकतो. कूलंटही बदलून घ्या.

बसण्याची सवय व्हायला महिना लागतो. हँडल खाली असल्यामुळे सुरुवातीला सगळा भार मनगटावर येतो. वेगात छातीवरचा वारा थोडा आधार देतो, पण ४० च्या वेगात तो आधार नसतो. मांड्यांनी टाकी घट्ट धरा, पोट आवळून पाठीने स्वतःला पेला, आणि कोपरं इतकी सैल ठेवा की कोणी हलवली तर हलावीत. हात मोकळे झाले की मनगटाची तक्रार संपते आणि गाडीही मोकळेपणाने वळते. हँडल पूर्ण वळत नाही हे मात्र कायम राहतं. अरुंद गल्लीत एका दमात वळवायचा हट्ट करू नका. पूर्ण वळवलेल्या हँडलमध्ये आणि टाकीमध्ये अंगठा चेंगरतो, तोल तिथेच जातो.

खड्ड्यात गाडी दणके देते म्हणून तिला दोष देण्याआधी तिचे शॉकअप कसे लावलेत ते बघा. आधीच्या मालकाने बहुधा स्प्रिंग आवळून ठेवलेल्या असतात. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर प्लास्टिकची एक पट्टी बांधा, ती सीलला टेकवा, नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसा आणि उतरल्यावर गाडी हलकेच वर उचलून मोजा. तुमच्या वजनाने गाडी पुढे ३० ते ४० मिलिमीटर खाली बसायला हवी. माझी १५ बसत होती. आतलं ऑइल काढलं तेव्हा काळं, पातळ आणि सडक्या माशासारखा वास येणारं निघालं. नवीन ऑइल, नवीन सील आणि सैल केलेली स्प्रिंग एवढ्यावर तोच रस्ता बदललेला वाटला. माझ्या मते जुन्या स्पोर्ट्स बाइकवर पैसे लावायचे तर टायरनंतर इथेच लावावेत. सायलेन्सर बदलणाऱ्यांना मी हेच सांगतो.

एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसेल हे पक्कं धरा. मोटरसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस बीएमडब्ल्यूने के१०० वर १९८८ मध्ये आणलं खरं, पण होंडाने ते आपल्या सुपरस्पोर्ट गाड्यांवर दिलं २००९ मध्ये. तेव्हा पुढचा ब्रेक एकदम खेचायचा नाही. आधी हलका लावा, शॉकअप दबून वजन पुढच्या टायरवर येऊ द्या, मग घट्ट दाबा. मोकळ्या जागेत ४० च्या वेगावरून हे पन्नास वेळा करा. वाळू, गटाराची लोखंडी झाकणं आणि पट्ट्यांचा ओला रंग यांच्यावर मात्र ब्रेकही नको आणि झुकणंही नको.

एवढं सगळं का करायचं? १९९२ मध्ये होंडाची पहिली फायरब्लेड आली तेव्हा ती घडवणारे अभियंते तादाओ बाबा यांनी ताकदीच्या मागे न लागता वजनावर लक्ष दिलं होतं: ८९३ सीसी आणि कोरडं वजन १८५ किलो, त्या काळच्या ६०० सीसी गाड्यांच्या जवळपास. त्या दशकातल्या स्पोर्ट्स बाइक त्याच विचारातून घडत गेल्या, आणि हलकेपणा अनुभवायला वेग लागत नाही. साठच्या वेगात घरी येताना एखाद्या मोकळ्या वळणावर नुसतं तिकडे बघितलं तरी ती झुकते. मुठीतून निघालेली केबल थेट कार्बपर्यंत जाते, मध्ये कुठला संगणक नाही. मनगट केसभर हललं की मागच्या चाकाला कळतं. रोज अर्धा तास हे मिळतं, आणि मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

रोजची देखभाल फारशी नाही. पाचशे-हजार किलोमीटरला चेन साफ करून ऑइल, आठवड्याला हवा, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल आणि कूलंट. व्हॉल्व्हचा गॅप मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला तपासा. तो आवाज न करता कमी होत जातो, म्हणून आवाज यायची वाट बघू नका. महिनाभरापेक्षा जास्त उभी ठेवणार असाल तर कार्बच्या वाट्या रिकाम्या करा आणि टाकी काठोकाठ भरा. हातात असलेली गाडी पहिले तीन महिने विकू नका. पार्टची वाट बघताना तिची गरज पडेल. ब्रेक पॅड, सील, चेन मिळत राहतात. इग्निशनचं युनिट, टाकी आणि फेअरिंग (गाडीवरचं प्लास्टिकचं आवरण) या मॉडेलचे कुठे मिळतात याची चौकशी मात्र सौद्याच्या आधी करा.

बघायला जाल तेव्हा टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. तांबूस थर दिसला तर टाकीची सफाई आणि चारही कार्ब भावात धरा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश वळवा; बरोबर मध्ये खटकन अडकल्यासारखं झालं तर बेअरिंग गेलंय. हँडल जिथे अडतं तो फ्रेमवरचा ठोकळा चेपलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे, ती सोडून द्या. आणि हे सगळं करायच्या आधी, पोचल्या पोचल्या, इंजिनवर तळहात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच ती सुरू करून ठेवलेली आहे. ‘उद्या सकाळी येतो, तोवर सुरू करू नका’ असं सांगून परत या.