रॅप ग्रुप काढताय? आधी हिशेब लिहून काढा

म्हापशातून गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्या-बंदुकांच्या जगावरचं रॅप, करायचं म्हणतोस, जरूर कर! पण एन.डब्ल्यू.ए. या अमेरिकी रॅप ग्रुपचं काय झालं ते आधी समजून घे. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनची ही पोरं १९८७ साली एकत्र आली, पोलिसांच्या दडपशाहीवर बेधडक बोलली, गाजली. बरेच बोल त्यांच्यातल्याच आइस क्यूबचे. पैशांवरून बिनसलं आणि १९८९ संपताना तो बाहेर पडला. १९९१मध्ये बीट, म्हणजे गाण्यामागचं संगीत, बनवणारा डॉ. ड्रे गेला, ग्रुप संपला.

म्हणून शब्द कुणाचे, बीट कुणाचं, वाटा किती, हे पहिल्या रेकॉर्डिंगआधीच कागदावर, सह्यांसकट. दोस्तीत कसला हिशेब, असं म्हणून टाळू नका.

दुसरं, गाण्यात बंदुका उसन्या आणू नका. खाणी, कॅसिनो, कापले जाणारे डोंगर डोळ्यांसमोर आहेत, त्यावर लिहा.

मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि बीट जुळवणं, नंतर. सध्या मोबाइलवर रेकॉर्ड करून श्वास कुठल्या ओळीला तुटतो तेवढं ऐक.