डिपेंडंटची चौकट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

‘मी स्वतः कमावतो, मग बाबांच्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट, म्हणजे आश्रित, म्हणून माझं नाव कशाला?’ असं विचारलंयस. अरे, यात मानापमान कसला? आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, एवढंच विचारते की तुझं नाव डिपेंडंट म्हणून दुसऱ्या कुणाला लावता येतं का. येत असेल, तर बाबा लावोत न लावोत, तुझ्या रिटर्नवर ‘मला कुणी डिपेंडंट म्हणून लावू शकतं’ या चौकटीत खूण करावीच लागते.

तुझ्या बाबतीत बहुधा येतं. वर्षअखेरीस तू २४ च्या आतला, वर्षात निदान पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी. डॉर्ममध्ये असलास तरी शिक्षणापुरतं बाहेर राहणं घरी राहण्यातच धरतात. तुझ्या कमाईला इथे मर्यादा नाही. वर्षभराच्या तुझ्या खर्चातला निम्म्याहून जास्त भार तू स्वतः उचललास का, हे बघतात. आणि इथेच मुलं फसतात. स्कॉलरशिप तुझ्या वाट्यात धरत नाहीत, पण तू फेडायचं कर्ज तुझ्या वाट्यात जातं. बाबांनी घेतलेलं पॅरेंट प्लस लोन त्यांच्या वाट्यात. तेव्हा फी, डॉर्म, जेवण, विमा, पुस्तकं सगळं बाबांसोबत बसून एकदा कागदावर मांड.

आता पैशाचं. कॉलेजच्या पहिल्या चार वर्षांसाठी अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजा होणारी सवलत, असतं. खर्चाचे पहिले २,००० डॉलर पूर्ण, पुढच्या २,००० चे पाव, म्हणजे जास्तीत जास्त २,५००. तुझं नाव बाबांच्या रिटर्नवर असेल तर ते त्यांना मिळतं. मात्र नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते घटू लागतं आणि १,८०,००० ला संपतं. दोघंही आयटीत असलेल्या आपल्याकडच्या घरांत हे हमखास होतं. मग हाती उरतं डिपेंडंटचं ५०० चं क्रेडिट.

‘मग बाबांनी माझं नाव सोडावं, क्रेडिट मी घेतो,’ असं तू म्हणशील. घेता येतं. पण एरवी कर शून्य झाला तरी यातले १,००० पर्यंत डॉलर हातात मिळतात, ते तुझ्यासारख्या आईवडिलांच्या खर्चावर शिकणाऱ्याला मिळत नाहीत. तुला ते फक्त तुझ्या करातून वजा करता येईल, आणि लायब्ररीतल्या पार्टटाइम नोकरीवर तुझा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कर होतो कुठे? उगाच घरचे ५०० घालवशील. पगारातून कापलेला फेडरल इन्कम टॅक्स तर डिपेंडंट असूनही रिटर्न भरून परत मिळतो.

म्हणून घाई करून आधी स्वतःचं रिटर्न पाठवू नकोस. खूण राहिली तर बाबांचं ई-फाइल अडकू शकतं, मग तुला १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागेल. कॉलेजच्या पोर्टलवरून १०९८-टी, म्हणजे करासाठी लागणारा फीचा फॉर्म, उतरवून बाबांना दे.

तुझ्या त्या एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, मित्राला मात्र यातलं काही जसंच्या तसं सांगू नकोस. एकविसाव्या वर्षी तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेला, की करापुरता रहिवासी की अनिवासी हा हिशेब नव्याने करावा लागतो, आणि अनिवासी ठरला तर आईवडिलांना त्याचं नाव लावताच येत नाही. त्याला व्हिसावाल्यांची रिटर्न करणाऱ्या सीपीएकडे, म्हणजे तिथल्या सीएकडे, पाठव.

तुझा
काका