नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की पत्रांचा पाऊस पडतो. या वेळची निवडक पत्रं घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

कॉलेज सुरू व्हायला महिना आहे. ॲनाटॉमीचं (शरीररचनेचं) पुस्तक आणून पहिली काही प्रकरणं पाठ करून ठेवू का?
– विद्यार्थिनी, बार्शी

नको. 206 हाडांची नावं घोकून आलेली मुलगी दरवर्षी वर्गात असते. तिला मनगटावरची नाडी शोधायला सांगितली की ती करंगळीच्या बाजूला चाचपडत बसते. नाडी लागते अंगठ्याच्या बाजूला. पाठांतर पुढे होईलच, या महिन्यात हात तयार कर.

घरातल्या माणसांची नाडी मोज. तीन बोटं हलकेच टेकव. अंगठा वापरू नकोस, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते आणि मोजणी फसते. सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट मोज. मिनिट संपलं तरी बोटं मनगटावरून उचलू नकोस. समोरच्याला वाटू दे की नाडीच चालू आहे, आणि तू पुढचं मिनिट छातीची हालचाल मोज. ‘आता तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणसाचा श्वास लगेच बदलतो. मोजलेलं तिथल्या तिथे कागदावर उतरव. मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20 असतो. वॉर्डातले काही चार्ट बघशील तर ओळीने सगळ्या पेशंटचे श्वास 20 लिहिलेले दिसतील. ते कसे मोजले असतील, हे तुझं तुला कळेल.

अभ्यासाचं म्हणशील तर ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजीचा (शरीराचं काम कसं चालतं, त्याचा) विद्यापीठाचा पेपर एकत्र असतो, दोन विभागांचा. मुली आकृत्यांमध्ये रमतात आणि फिजिओलॉजी शेवटच्या आठवड्यावर टाकतात. हृदयाची आकृती काढलीस की रक्त कुठून कुठे जातं हे त्याच दिवशी आईला मराठीत समजावून सांग. अडखळशील तिथे पुन्हा वाच. सोशिऑलॉजी आणि सायकॉलॉजीचाही पेपर एकत्रच असतो. वर्गात लक्ष दिलंस तर त्याची धास्ती बाळगायचं कारण नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावी सायन्स कशीबशी इंग्रजीतून काढली. वर्गात सगळं इंग्रजीच असेल ना?
– विद्यार्थिनी, परतूर

व्याख्यान आणि पेपर इंग्रजीतच. पण ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ या विषयाची परीक्षा कॉलेज पातळीवर असते आणि उत्तीर्ण व्हायला 40 टक्के पुरतात. बाकीच्या विषयांत थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात, तेव्हा खरी काळजी तिथली कर.

वैद्यकीय शब्दांना घाबरू नकोस. ते वर्गातल्या सगळ्यांनाच नवे असतात, कॉन्व्हेंटवाल्यांनासुद्धा. शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह, सुरुवातीला ‘टॅकी’ आलं की वेग जास्त, ‘ब्रॅडी’ आलं की कमी. असे पन्नासेक तुकडे जमले की निम्मं पुस्तक ओळखीचं वाटायला लागतं. रोज रात्री पाच ओळी इंग्रजीत लिही: घरातल्या एका माणसाचा दिवस, काय खाल्लं, किती झोपला, काय दुखतंय. पुढे ड्यूटी बदलताना पेशंटची ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरना त्याची माहिती, द्यायची असते, ती साधारण अशीच असते. व्याकरण चुकलं तर चुकू दे. आकडा मात्र चुकता कामा नये.

आणि पेशंटशी तू मराठीतच बोलणार आहेस. गावाकडच्या आजींशी नीट बोलता येणं ही वॉर्डात फार मोठी गोष्ट आहे. शहरात वाढलेल्या तुझ्या मैत्रिणींना ते शिकावं लागेल.

मुलीला होस्टेलला सोडायचं आहे. दुकानदाराने मोठी यादी हातात ठेवली. स्टेथोस्कोप, बी.पी.चं मशीन, हाडांचा सेट, सगळी पुस्तकं. शेतीवर घर चालतं. काय घेऊ, काय नको?
– एक वडील, शिराळा

दादा, ती यादी परत करा. हाडं कॉलेजच्या लॅबमध्ये असतात. बी.पी.चं मशीन पहिल्या महिन्यात लागत नाही. स्टेथोस्कोप साधा, दोन्ही बाजूंचा घ्या, पण तोही मॅडमनी सांगितल्यावर. गणवेशाचं कापड प्रत्येक कॉलेजचं वेगळं, म्हणून तिथे गेल्यावरच घ्या.

पुस्तकं सीनियर मुलींकडून अर्ध्या किमतीत मिळतात. फक्त एक बघा: इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सेमिस्टर पद्धतीचा अभ्यासक्रम 2021-22 पासून लागू झाला. त्याआधीची, वार्षिक पद्धतीची पुस्तकं दुकानदार स्वस्तात गळ्यात मारतात, ती घेऊ नका.

पैसे खर्च करायचे ते दोन वस्तूंवर. एक, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. स्मार्टवॉच नको. दुसरं, बंद, न घसरणारे, मऊ तळव्याचे बूट. ते संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि ड्यूटीवरही तसेच सुजणार आहेत. नेलकटर विसरू नका. मुलीला आधीच सांगून ठेवा की हातात बांगड्या, अंगठी, गंडा-दोरा काही चालणार नाही. देवाचा दोरा असेल तर दंडावर किंवा गळ्यात. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद द्यायचे असतात आणि ओल्या दोऱ्यात जंतू राहतात. यावरून घरी रडारड होते, म्हणून आत्ताच बोललेलं बरं.

मी मुलगा आहे. मित्र ‘सिस्टर’ म्हणून चिडवतात. मला लेडीज वॉर्डात काम देतील का? पुढे नोकरी मिळेल का?
– विद्यार्थी, उदगीर

वॉर्डात तुला ‘ब्रदर’ म्हणतील. वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींपासून पेशंटपर्यंत सगळे. मित्रांचं सोड, त्यांच्यापैकी कुणाच्या वडिलांना ॲडमिट करायची वेळ आली की पहिला फोन तुलाच येईल.

लेडीज वॉर्डात तुला काम करावं लागेल, आणि पुढच्या सेमिस्टरांमध्ये मिडवाइफरीही (बाळंतपणाचं काम) सुटणार नाही. नियम साधे आहेत. आधी ओळख सांगायची, परवानगी विचारायची, पडदा ओढायचा, आणि सोबत सिस्टर किंवा वर्गमैत्रीण असल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. पेशंट ‘नको’ म्हणाली तर वाद न घालता इन्चार्ज सिस्टरना सांगायचं.

नोकरीबद्दल गोड बोलत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत 80 टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. उरलेल्या 20 टक्क्यांत तुला घुसायचं आहे, तेव्हा मार्क सांभाळ. आयसीयू, कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मात्र ब्रदर लोकांना मागणी असते.

रक्त पाहिलं की मला चक्कर येते. मी चुकीचं क्षेत्र निवडलं का?
– विद्यार्थिनी, खेड

एवढ्यावरून ठरवू नकोस. रक्त बघून काहींची नाडी आणि बी.पी. अचानक खाली येतं, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस खाली बसतो. भित्रेपणाशी याचा संबंध नाही. उपाशीपोटी ड्यूटीवर जाऊ नकोस. गुरुवारचा उपास असेल तर निदान दूध-केळं घे. उभं राहताना गुडघे ताठ ठेवू नकोस. घाम फुटला, कानात गुंईऽऽ व्हायला लागलं, की मांड्या आणि हातांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळ, सोड, परत आवळ. तरी अंधारी आलीच तर ड्रेसिंगच्या ट्रॉलीपासून लांब होऊन सरळ जमिनीवर बस. लाजेपोटी उभी राहिलेली मुलगी ट्रॉली घेऊनच कोसळते आणि मग सगळं साहित्य पुन्हा निर्जंतुक करावं लागतं.

सुरुवातीला कामं बेड मेकिंग, टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास मोजणं), पेशंटची स्थिती बदलणं अशीच असतात, त्यामुळे सवय व्हायला वेळ मिळतो. काही महिन्यांनीही तेच होत राहिलं तर डॉक्टरांना दाखव.

पहिल्या सेमिस्टरला नर्सिंग फाउंडेशनचा विद्यापीठाचा पेपरच नाही, असं सीनियर सांगतात. मग तो विषय पुढे ढकलला तर?
– विद्यार्थी, चांदूर बाजार

सीनियरनी अर्धंच सांगितलं. पेपर दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी येतो, पण दोन्ही सेमिस्टरचा मिळून. पहिल्या सेमिस्टरचे अंतर्गत गुणही तिकडे जोडले जातात. या एकट्या विषयाला पहिल्याच सेमिस्टरमध्ये 120 तास थिअरी, 80 तास स्किल लॅब आणि 160 तास वॉर्ड आहे. दुसरा कुठलाही विषय याच्या जवळपास येत नाही. ढकलशील ते काय? शिवाय परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी वॉर्डाचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. बुडवलेली ड्यूटी सुटीत भरायची असते, मैत्रिणी-मित्र घरी गेलेले असताना.

कॉलेजने हिपॅटायटिस बी लसीचं प्रमाणपत्र मागितलंय. एकच डोस झालाय. चालेल का?
– विद्यार्थिनी, फोंडा

एका डोसवर थांबू नकोस. वेळापत्रक आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असं असतं. पहिला डोस झाला असेल तर पुन्हा सुरुवातीपासून घ्यायची गरज नाही, पुढचे पूर्ण कर. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टायटर (लसीने किती संरक्षण तयार झालं ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घे, 10 किंवा जास्त आलं की झालं.

तोवर आणि त्यानंतरही, वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती सरळ पांढऱ्या डब्यात टाकायची. टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस. साबण-पाण्याने धू आणि त्याच मिनिटाला इन्चार्ज सिस्टरना सांग, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली आणि 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. लसीच्या कार्डाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेव, मूळ कार्ड होस्टेलच्या ट्रंकेत.