रिव्हॉल्वर की पिस्तूल? आधी परवाना नीट वाचा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला गलाई (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा) व्यावसायिक. दुकान तमिळनाडूत, घर विट्याजवळ. सोनं आणि रोकड घेऊन गाडीने ये-जा असते. एकदा रात्री रस्त्यात आमची गाडी अडवण्याचा प्रयत्न झाला, त्याची तक्रार पोलिसांत आहे. त्यानंतर शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला, तो आता जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजूर झाला आहे. विक्रेता म्हणतो पिस्तूल घ्या, चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही, आठ गोळ्या बसतात. गावातले जुने परवानाधारक रिव्हॉल्वरच घ्या म्हणतात. टेक्सासमधला चुलतभाऊ ९ एमएमचा आग्रह धरतो. रोज कमरेला लावायला काय घ्यावं? आणि मला जमत नाही तेव्हा भाचा माल घेऊन जातो, त्याच्याकडे ते देता येईल का?

उत्तर : तुमच्या भावाचा सल्ला त्याच्या राज्यात ठीक असेल. तुमच्यासाठी तो थेट तुरुंगाचा रस्ता आहे. आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (म्हणजे नळीच्या आतला व्यास) आहे. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाचा. तसं शस्त्र परवान्याशिवाय सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ (१ क) खाली किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे भावाकडून काही मागवण्याचा विचारही मनात आणू नका.

तुमच्यासारख्या परवानाधारकाला हातात घेता येतं ते साधारणपणे .३२ बोअरचं शस्त्र. सरकारी आयुध कारखान्यांची रिव्हॉल्वर आणि ‘अशनी’ हे पिस्तूल, दोन्ही याच बोअरची. ‘सेमी-ऑटोमॅटिक’ या शब्दाने दचकू नका. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पुढची फक्त आपोआप नळीच्या मागच्या टोकाशी येऊन बसते. कायद्याने सरसकट बंदी आहे ती चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशा शस्त्रांवर. म्हणजे तुमच्यापुढे कायद्याने दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, पण परवान्यावर काय लिहिलं आहे ते पाहून. ‘रिव्हॉल्वर/पिस्तूल’ असं असेल तर निवड तुमची. नुसतं ‘रिव्हॉल्वर’ असेल, तर पिस्तूल घेण्याआधी त्याच कार्यालयात अर्ज करून नोंद बदलून घ्या. ‘नंतर करून घेऊ’ असं विक्रेता म्हणाला तरी पैसे भरू नका.

काडतुसांचंही तसंच. दोन्हींवर .३२ लिहिलेलं असलं तरी काडतूस वेगळं. रिव्हॉल्वरचं लांब आणि बुडाला ठसठशीत कडा असलेलं. पिस्तुलाचं आखूड, त्याला ७.६५ एमएमही म्हणतात. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. एका वेळी किती आणि वर्षाला किती बाळगायची हेही परवान्यावर असतं, आणि खरेदीची प्रत्येक नोंद तपासली जाते.

आता माझं मत. तुम्ही रिव्हॉल्वर घ्या. विक्रेता सांगतो ते खोटं नाही, पिस्तूल चपटं असतं आणि दोन गोळ्या जास्त बसतात. पण परवानाधारकांची जी प्रकरणं फौजदारी न्यायालयात येतात, त्यांत दरोडेखोर नेहमीच असतो असं नाही. पुष्कळदा असतं ते घर आणि साफसफाई करताना सुटलेली गोळी. पिस्तुलाचं गोळ्या भरायचं मॅगझीन काढलं की माणसाला वाटतं शस्त्र रिकामं झालं. पण एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली असू शकते, आणि पिस्तुलाची सरक (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून आत पाहिल्याशिवाय ती कळत नाही. रिव्हॉल्वरचं चक्र उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर येतात. भरलेलं किंवा रिकामं, तिथेच दिसतं. पिस्तुलावर हात बसायला नियमित सराव लागतो, आणि महिन्यातला निम्मा वेळ भट्टीपाशी व निम्मा प्रवासात जाणाऱ्या माणसाला तो जमेल असं मला वाटत नाही. घरात चुकून गोळी सुटून कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा लागतो, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना असणं हा त्यावर बचाव नाही.

आणखी एक फरक, जो वकिलालाच सुचेल. गोळी सुटल्यावर पिस्तुलातून काडतुसाची रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते, अंधारात शेतात किंवा गटारात जाते. रिव्हॉल्वरची चक्रातच राहते. कधी खरंच गोळी झाडायची वेळ आली तर ११२ ला फोन करा, चक्र उघडू नका, पुंगळ्या काढू नका, शस्त्र पुसू नका. किती गोळ्या झाडल्या याचा पुरावा पंचनाम्यात तसाच्या तसा यायला हवा. स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, तेव्हा तोच पुरावा तुमच्या कामी येईल.

स्वसंरक्षणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ हा हक्क देतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये तो संकुचितपणे वाचू नये असं सांगितलं आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या पाठीशी उभा राहतो. पण कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. आणि कलम ४३ नुसार जबरी चोरीत हा हक्क चोर मारहाण करतो, अडवून धरतो किंवा तशी तत्काळ भीती असते तोवरच. समजा दोघांनी पिशवी हिसकली, मोटारसायकलवर बसून निघाले, त्यांची पाठ तुमच्याकडे आहे. पिशवीत वर्षाची कमाई असली तरी त्या क्षणी गोळी झाडू नका. झाडली तर आरोपी तुम्ही होणार. हे प्रवासाला निघण्याआधीच मनाशी पक्कं करा, त्या क्षणी विचार करायला वेळ मिळत नाही.

रोज बाळगण्याबद्दल : शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम ३२ प्रमाणे सार्वजनिक जागी ते होल्स्टरमध्ये, तुमच्या पूर्ण ताब्यात हवं. लग्नात, मिरवणुकीत काढून दाखवणं किंवा हवेत बार काढणं यावर परवाना जातो आणि गुन्हाही दाखल होतो. निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आली तर मुदतीत जमा करून पावती घ्या, हरकत असेल तर कुणाचं शस्त्र जमा करायचं हे ठरवणाऱ्या छाननी समितीकडे लेखी द्या.

भाच्याकडे मात्र अजिबात देऊ नका. परवाना माणसाच्या नावावर असतो, दुकानाच्या नाही. तो विनापरवाना शस्त्रासह सापडला तर त्याला किमान दोन वर्षं, कमाल पाच. आणि दिल्याबद्दल तुमच्यावरही कारवाई. त्याला गरज असेल तर त्याचा स्वतंत्र अर्ज करा.

शेवटी, तुमच्या प्रकरणातली खरी अडचण. परवान्यावर ‘क्षेत्र’ या रकान्यात काय आहे? ‘महाराष्ट्र राज्य’ असेल, तर कर्नाटकची हद्द ओलांडली की तुमचं शस्त्र परवान्याबाहेर गेलं. शर्तभंग म्हणून शस्त्र अधिनियमाचं कलम ३० तर लागतंच, परवानाच नाही असं धरून कलम २५ ही लागू शकतं. धोका ज्या रस्त्यावर आहे, तिथेच परवाना लागू नाही, अशी ही स्थिती. म्हणून शस्त्र विकत घेण्याआधी क्षेत्रवाढीचा अर्ज द्या. सोबत तमिळनाडूतल्या दुकानाची जीएसटी नोंदणी, मालाच्या पावत्या आणि गाडी अडवल्याच्या तक्रारीची प्रत जोडा. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. त्यावर विभागीय आयुक्तांकडे त्याच अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं. निर्णय हाती येईपर्यंत शस्त्र राज्यातच ठेवा, आणि सोनं विमा उतरवलेल्या वाहतूक सेवेने पाठवा. ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसीत (सराफ व्यवसायासाठीच्या विम्यात) वाटेतल्या मालाचं संरक्षण घेता येतं, ते तुमच्या पॉलिसीत आहे का हे एजंटाकडून लेखी घ्या.