पाचोळ्यातल्या कोळ्याला नाव देण्याआधी

दोन मिलिमीटरचा कोळी कुठल्याच पुस्तकात सापडला नाही, म्हणून लगेच ‘नवी प्रजाती’ म्हणू नकोस. आधी तो प्रौढ आहे का बघ. पिल्लांवरून प्रजाती ठरत नाही. नराच्या तोंडाजवळच्या पेडिपाल्पचं, म्हणजे मिलनासाठी वापरायच्या पायासारख्या छोट्या अवयवाचं, टोक फुगलेलं असतं, पण त्यावरचे काटे आणि वळसे सुटे दिसले तरच तो पूर्ण वाढलेला. त्या भागाची चित्रं तीन बाजूंनी काढ. खरी ओळख तिथेच आहे, आणि मला विचारशील तर या कामातला सगळ्यात सुंदर भागही तोच. मादीचं जननांग सुईने अलगद सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ केलं की आतल्या नळ्या दिसू लागतात. ऊनोपिडीसारख्या कुळांत बाहेरून फारसं काही दिसत नाही, तिथे हे टाळून चालत नाही. रंगावर विसंबू नकोस, नमुना ज्या अल्कोहोलमध्ये टिकवतात त्यात तो उडतो. फोटो जिवंतपणीच काढ.

मग तुलना. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये जगातल्या ५०,०००हून अधिक प्रजातींची नोंद आहे. भारतापुरतं पाहून थांबू नकोस, त्या वंशाचं श्रीलंकेपर्यंतचं सगळं वाच. जुनी वर्णनं दोन ओळींची असतात. तिथे मूळ नमुनाच पाहावा लागतो.

आणि हो, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय मूठभर पाचोळाही उचलायचा नाही. नमुन्याच्या बाटलीत ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाक, शाई अल्कोहोलमध्ये पसरते. होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नव्या प्रजातीचं नाव बेतलेलं असतं तो, घरी ठेवू नकोस, मान्यताप्राप्त संग्रहात जमा कर.